फ्रोबेनियस यांचा संग्रह स्वीकारावा, निष्कर्ष तपासून घ्यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आफ्रिकेतील लोककथांवर नुकताच जो लेख आला, त्यात जर्मन मानववंशशास्त्रज्ञ लिओ फ्रोबेनियस यांचा उल्लेख आफ्रिकेला सांस्कृतिक सन्मान मिळवून देणारा संशोधक असा केला आहे. लेख वाचनीय होता, आणि मराठी वृत्तपत्रात या माणसाचे नाव छापून आले याचाच मुळात मला आनंद झाला. तथापि त्या लेखात त्यांचे अर्धेच चरित्र आले आहे, आणि जे राहून गेले ते कोल्हापूरच्या वाचकाला अधिक जवळचे आहे, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. कात्री लावायचीच झाल्यास ती चरित्राच्या तपशिलाला लावावी, इफे आणि ब्रह्मपुरी यांविषयीच्या मजकुराला लावू नये, एवढी विनंती.

फ्रोबेनियस यांचा जन्म २९ जून १८७३ रोजी बर्लिनमध्ये एका प्रशियन लष्करी अधिकाऱ्याच्या घरी झाला. त्यांचे आजोबा बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते. शाळेची अखेरची परीक्षा त्यांनी दिली नाही आणि विद्यापीठाची पदवीही त्यांच्याजवळ नव्हती. ब्रेमेन, बाझेल आणि लाइपझिग येथील वस्तुसंग्रहालयांत काम करता करता, वस्तू हाताळून आणि प्रवासवर्णने वाचून त्यांनी जे शिकायचे ते शिकून घेतले. १८९८ मध्ये, म्हणजे वयाच्या पंचविशीत, त्यांनी आफ्रिकी संस्कृतींच्या उगमावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे पाऊल आफ्रिकेच्या भूमीला लागलेलेही नव्हते. घरांचे आकार, धनुष्याची दोरी बांधण्याची रीत, ढाली, ढोल, मुखवटे अशा गोष्टी कोठे कोठे आढळतात ते नकाशावर मांडायचे, आणि ज्या गोष्टी एकत्र आढळतात त्यांचे एक संस्कृतिवर्तुळ मानायचे, अशी त्यांची पद्धत होती. फ्रिट्झ ग्रेबनर आणि बर्नहार्ड आंकरमान या दोघा संग्रहालय-अभ्यासकांनी १९०४ मध्ये हीच कल्पना अधिक काटेकोरपणे मांडली आणि पुढे व्हिएन्नातील पंडितांनी तिचा जवळजवळ संप्रदाय केला; फ्रोबेनियस मात्र तोवर तिथून उठून दुसरीकडे निघाले होते. एका विचारावर फार काळ बसून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

१९०४ मध्ये त्यांची पहिली मोहीम काँगोतील कसाई नदीच्या खोऱ्यात गेली आणि त्यानंतर १९३५ पर्यंत एकूण १२ मोहिमा झाल्या. मोहिमांचा खर्च सरकारी अनुदान, देणग्या आणि आणलेल्या वस्तू जर्मन संग्रहालयांना विकून मिळालेला पैसा यांतून भागवला जाई. त्यामुळे त्यांच्या संशोधनात जिज्ञासा किती आणि खरेदीविक्री किती हा प्रश्न पहिल्या दिवसापासून त्यांच्यामागे लागलेला होता. त्या वेळी काँगो हा देश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता, आणि रबरासाठी तेथील प्रजेवर होणाऱ्या अत्याचारांविरुद्ध युरोपात ओरड सुरू झाली होती. अशा मुलखातून फिरताना फ्रोबेनियस यांच्या नजरेला जे पडले ते त्यांनी पुढे १९३३ च्या आपल्या आफ्रिकेच्या संस्कृतीइतिहासाच्या प्रस्तावनेत लिहिले. दुतर्फा ताडांच्या रांगा असलेले मैलोगणती लांबीचे रस्ते, कोरीवकामाने नटलेली घरे, लोखंडाची आणि तांब्याची नक्षीदार शस्त्रे, ताडाच्या तंतूंपासून विणलेले मखमलीसारखे कापड, आणि पेला, चिलीम, चमचा अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंवरही दिसणारी कलादृष्टी यांचे ते वर्णन आहे. रानटी आफ्रिकी माणूस ही युरोपने रचलेली कल्पना आहे, असे त्यांनी तिथेच म्हटले. आपल्या लेखाचा सारा भर या एका विधानावर आहे, आणि ते विधान त्या काळाच्या मानाने धाडसाचे होते, यात शंका नाही.

कथासंग्रहाच्या बाबतीतही लेखातील प्रशंसा रास्त आहे. १९२१ ते १९२८ या काळात आफ्रिकी लोककथा आणि लोककाव्य यांचे १२ खंड त्यांनी प्रसिद्ध केले. त्यांतील पहिले तीन अल्जीरियाच्या डोंगराळ भागातील काबिल लोकांच्या कथांचे आहेत, आणि सहाव्या खंडात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील गवताळ पट्ट्यातील भाटांनी गायलेल्या कथा आहेत. त्यातली गासिरे राजपुत्राची कथा आपल्या वाचकांना थोडक्यात सांगणे मला आवश्यक वाटते, कारण लेखात तिचे केवळ नाव आले आहे. वागादू राज्याचा राजा फार म्हातारा झाला आहे, पण मरत नाही. गासिरे राज्याची वाट पाहून थकला आहे. एक वृद्ध ज्ञानी त्याला सांगतो की तुझ्या हाती राज्य नव्हे, वीणा येणार आहे. शेतात एक तित्तिर पक्षी गात असतो की सगळे मरतील, गाणे मात्र राहील. ते ऐकून गासिरे लोहाराकडून तंतुवाद्य करवून घेतो, पण ते वाजेना. हे नुसते लाकूड आहे, त्याला काळीज नाही, रणात ने आणि त्याला तुझ्या वंशाचे रक्त पाज, असे लोहार सांगतो. रोज एकेका मुलाला घेऊन गासिरे लढाईला जातो आणि रोज संध्याकाळी त्याचे प्रेत खांद्यावर टाकून परततो. रक्त वाद्यावर ठिबकत राहते. सात मुले गेल्यावर लोक त्याला गावाबाहेर काढतात. मग वाळवंटात एका रात्री ते वाद्य आपणहून गाऊ लागते, आणि त्याच क्षणी तिकडे म्हातारा राजा मरतो आणि वागादू पहिल्यांदा नाश पावते. पराक्रम गाणाऱ्याकडून कोणती किंमत वसूल होते, हा प्रश्न इतक्या निष्ठुरपणे विचारणारी कथा शाहिरीचा एवढा वारसा असलेल्या आपल्या जिल्ह्यानेसुद्धा क्वचितच ऐकली असेल. अर्थात ही कथा आपल्यापर्यंत पोहोचते ती दुभाष्यामार्फत ऐकलेली आणि फ्रोबेनियस यांच्या लेखणीने जर्मन साहित्यिक वळण दिलेली. मूळ गायकाचे शब्द त्यात कितपत उरले असतील याविषयी अभ्यासकांनी शंका घेतलेल्या आहेत, आणि त्या दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत.

आता जे लेखात नाही त्याकडे वळतो. १९१० च्या अखेरीस फ्रोबेनियस नायजेरियातील इफे येथे पोहोचले. योरुबा लोकांच्या समजुतीप्रमाणे जगाची निर्मिती जिथून सुरू झाली ती ही पवित्र नगरी. तिथे त्यांना भाजक्या मातीची अनेक शिरे मिळाली, आणि ओलोकुन या समुद्राच्या व संपत्तीच्या देवतेच्या राईतून धातूचे एक मुकुटधारी मस्तक मिळाले. चेहरा शांत, प्रमाणबद्ध, ओठांची आणि पापण्यांची घडण इतकी नेमकी की ते कोणा प्रत्यक्ष माणसाचे असावे असे वाटावे. हे मस्तक मेणाच्या पद्धतीने ओतलेले होते, असे त्या काळापासून मानले गेले: मेणाची प्रतिकृती करायची, तिच्यावर मातीचा लेप चढवायचा, मेण वितळवून बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. हीच पद्धत आपल्याकडे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात वर्णिलेली आहे. शिरोलीच्या किंवा उद्यमनगरच्या फौंड्रीत हयात घालवलेल्या कोणाही कारागिराला विचारावे. पातळ आणि सारख्या जाडीचे ओतकाम एखाद्या दिवशी अचानक जमत नाही, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हात असतो, हे तो सांगेल. इफेच्या मस्तकातून निघणारा पहिला निष्कर्ष हाच असायला हवा होता की या नगरीत अशा ओताऱ्यांची दीर्घ परंपरा होती.

फ्रोबेनियस यांनी तो काढला नाही. इतके सुंदर, इतके ग्रीक वाटणारे काम येथील लोकांच्या पूर्वजांनी केले असेल हे त्यांच्या मनाला पटेना. ओलोकुन हा समुद्रदेव, ग्रीकांचा पोसायडन हाही समुद्रदेव, आणि प्लेटोने सांगितलेल्या बुडालेल्या अटलांटिसचा अधिष्ठाताही पोसायडनच. तेव्हा योरुबांच्या भूमीवर प्राचीन काळी समुद्रमार्गाने आलेल्या भूमध्यसागरी लोकांची वसाहत होती आणि हीच खरी अटलांटिस, असे त्यांनी जाहीर केले. जानेवारी १९११ मध्ये न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रात मथळा आला की एका जर्मनाला आफ्रिकेत अटलांटिस सापडली आणि पोसायडनची ब्राँझची मूर्ती हा तिचा पुरावा आहे. इफेमध्ये मात्र निराळेच घडत होते. ते मस्तक त्यांनी ज्या रीतीने मिळवले तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या, ब्रिटिश जिल्हा अधिकाऱ्याने चौकशी भरवली आणि त्यांना ते परत करावे लागले. मातीची काही शिरे तरीही बर्लिनला पोहोचली. पुढे १९४०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये तपासणी झाली तेव्हा इफेतील ते मस्तक वाळूच्या साच्यातून ओतलेली अलीकडची नक्कल ठरवण्यात आले, आणि आता या शतकात त्या निर्णयावरही पुन्हा शंका घेतली गेली आहे. एका वस्तूच्या भोवती एवढा घोळ झाला, त्याचे एक कारण हे की तिचा शोध लावणाऱ्याला वस्तूपेक्षा सिद्धान्ताची घाई होती.

या वादाचा निकाल ज्या शोधाने लागला तो फ्रोबेनियस यांच्या मृत्यूच्याच वर्षी, १९३८ मध्ये लागला. इफेच्या राजवाड्याजवळ वुन्मोनिजे नावाच्या वाड्याच्या आवारात घराचा पाया खणताना मजुरांना त्याच घडणीची धातूची डझनभराहून अधिक मस्तके मिळाली. एक मस्तक परक्याने आणले असे म्हणता येते. एवढ्या मस्तकांचा संच, त्याच नगरीतल्या मातीच्या शिल्पांशी चेहरेपट्टीत जुळणारा, परका म्हणता येत नाही. नंतरच्या उत्खननांनी, विशेषतः फ्रँक विलेट यांच्या कामाने, ही कला इफेचीच असून साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकांतील आहे, हे विद्वानांत सर्वमान्य झाले. अटलांटिसचे नावही मग कोणी गंभीरपणे घेतले नाही.

कोल्हापूरच्या वाचकाने हे सारे लक्षपूर्वक वाचावे असे मला वाटते, याचे कारण आपल्याकडेही एक पोसायडन आहे. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात जे अवशेष निघाले, आणि जिथे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी पद्धतशीर उत्खनन केले, तिथल्या धातूच्या वस्तूंमध्ये रोमन जगतातून आलेली पोसायडनची एक छोटी ब्राँझमूर्ती, एक आरसा आणि एक चंबू यांचा समावेश होता. मूर्ती आज टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत तिच्यासमोरून घाईघाईने पावले टाकली असतील. फ्रोबेनियस यांचाच तर्क इथे लावायचा झाला तर एव्हाना कोल्हापूर ही ग्रीकांची वसाहत ठरायला हवी होती, आणि ती तशी ठरावी असा पुरावा इफेपेक्षा इथे अधिक थेट होता, कारण ही मूर्ती खरोखरच भूमध्यसागराकडून आलेली आहे! परंतु सांकलिया आणि दीक्षित यांनी तसे केले नाही. मूर्तीबरोबर काय मिळाले, ती कोणत्या थरात मिळाली, त्याच थरातील खापरे आणि नाणी कोणाची आहेत, हे त्यांनी पाहिले. त्याच संचात स्वार बसलेल्या हत्तीचे ब्राँझशिल्प आहे, ते निखळ भारतीय घडणीचे आहे. या परिसरात कुर राजांची आणि सातवाहनांची नाणी मिळतात. तेव्हा सातवाहनकाळी इथे एक सधन नगर होते, कोकणच्या बंदरांतून घाटवाटांनी त्याचा व्यापार चालत असे आणि त्या व्यापारातून पश्चिमेकडच्या चैनीच्या वस्तू इथल्या श्रीमंतांच्या घरी येत, एवढेच अनुमान त्यांनी काढले. अनुमान छोटे आहे म्हणूनच ते आजवर टिकले. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्या उत्खननाचा अहवाल आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो.

आपल्या भूमीविषयीही परक्यांनी एके काळी हेच बोलून ठेवलेले आहे, याचा विसर पडू नये. घारापुरी आणि वेरूळची लेणी पाहून सुरुवातीच्या काही युरोपीय प्रवाशांनी ती अलेक्झांडरच्या लोकांची, कोणी इजिप्शियनांची असल्याचे तर्क केले होते. इथल्या पाथरवटांच्या हातून ती घडली हे मान्य करणे त्यांना जड गेले. आफ्रिकेत याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ग्रेट झिंबाब्वेचे दगडी कोट. ते फिनिशियनांचे, शेबाच्या राणीचे असे वसाहतवाले सांगत राहिले. डेव्हिड रँडल-मॅकाइव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये उत्खनन करून ते स्थानिक आफ्रिकी लोकांचे बांधकाम असल्याचे दाखवून दिले, आणि तरीही त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेची मोहीम करून आलेले फ्रोबेनियस १९३१ मध्ये आपल्या ग्रंथात त्या कोटांचे आणि तेथील राजप्रथांचे धागे समुद्रापलीकडच्या प्राचीन पौर्वात्य संस्कृतीशी जोडत होते. त्याच वर्षी दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या प्रवासाची त्यांची रोजनिशीही प्रसिद्ध झाली. इफेचा धडा वीस वर्षांनंतरही त्यांच्या कामी आला नाही, असेच म्हणावे लागते. ओघात एक सांगतो: अलीकडे आपल्याकडे जगातील प्रत्येक चांगली गोष्ट इथूनच गेली असे सांगण्याची जी चढाओढ लागली आहे, ती फ्रोबेनियस यांच्याच मार्गाने उलट्या दिशेला चाललेली आहे.

पहिल्या महायुद्धातील त्यांचे वर्तन लेखात अजिबात आलेले नाही. कैसर दुसरा विल्हेल्म याच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि कैसर परागंदा होऊन हॉलंडमध्ये राहू लागल्यावरही तो टिकला. १९१५ मध्ये इथिओपियाला जर्मनीच्या बाजूने वळवण्यासाठी ते गुप्त मोहिमेवर तांबड्या समुद्रापर्यंत गेले, पण मासावा बंदरात इटालियन अधिकाऱ्यांनी त्यांना अडवून परत धाडले. त्यानंतर १९१६ मध्ये त्यांनी जर्मनीने कैद केलेल्या, शत्रूच्या वसाहतींतून आलेल्या सैनिकांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक काढले, त्यात शत्रूने जमवलेली ही निरनिराळ्या जमातींची सर्कस आहे असे शीर्षकातच म्हटले होते. या सैनिकांत आफ्रिकी होते, तसे ब्रिटिशांच्या बाजूने पश्चिम आघाडीवर लढताना पकडले गेलेले हिंदी सैनिकही होते; त्यांतील अनेकांना बर्लिनजवळ वुन्सडॉर्फच्या छावणीत ठेवले होते. ज्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असणारी गावे आहेत, तिथल्या वाचकाला ही सर्कशीची उपमा कशी लागेल, ते वेगळे सांगायला नको. आफ्रिकी माणसाला हाडामांसापर्यंत सुसंस्कृत म्हणणारा संशोधक आणि त्याच माणसाला गणवेशात पाहिल्यावर प्रचाराचे साहित्य समजणारा लेखक हे दोघे एकच होते.

त्यांच्या पुढच्या सिद्धान्तांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांतले फारसे काही आज उरलेले नाही. प्रत्येक संस्कृतीला सजीवासारखे बालपण, तारुण्य आणि वार्धक्य असते आणि तिचा स्वतःचा आत्मा माणसांना घडवत असतो, असे ते मानू लागले; १९२० मध्ये म्युनिकला त्यांनी संस्था काढली आणि १९२५ मध्ये ती फ्रँकफर्टला नेली. आफ्रिकेत त्यांना दोन मनोवृत्ती दिसल्या: शेतीशी आणि वनस्पतीशी जोडलेली अंतर्मुख वृत्ती, आणि पशुपालनाशी व शिकारीशी जोडलेली व्यवहारी वृत्ती. पहिली जर्मनांच्या जवळची आणि दुसरी इंग्रज-फ्रेंचांच्या जवळची, हेही त्यांनी ठरवून टाकले. पराभूत राष्ट्राच्या मनाची समजूत आफ्रिकेच्या नकाशावर काढली जात होती, असे माझे मत आहे. १९३२ मध्ये फ्रँकफर्ट विद्यापीठाने त्यांना सन्माननीय प्राध्यापक केले आणि पुढे शहराचे मानववंश संग्रहालयही त्यांच्या हाती आले. ९ ऑगस्ट १९३८ रोजी इटलीत लागो माजोरेच्या काठी त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य आडोल्फ येन्सेन यांना पत्नीच्या ज्यू वंशामुळे नाझी राजवटीत बाजूला राहावे लागले. युद्धानंतर त्यांनीच ती संस्था पुन्हा उभी केली आणि ती आज फ्रोबेनियस यांच्या नावाने चालते.

याउलट जे उरले आहे, आणि ज्याचा आपल्या लेखात एका ओळीतही उल्लेख नाही, ते म्हणजे खडकचित्रांच्या प्रतिकृती. सहारातील अ‍ॅटलास डोंगर, लिबियातील फेझान, नुबियाचे वाळवंट, दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वेमधील गुहा अशा ठिकाणी फ्रोबेनियस यांनी चित्रकारांना नेले आणि प्रागैतिहासिक चित्रे मूळ आकारात, मूळ रंगांत उतरवून घेतली. या चित्रकारांत आग्नेस शुल्झ, मारिया वायर्सबर्ग, एलिझाबेथ मान्सडॉर्फ अशा स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्या काळी जर्मनीतून निघून महिनोन्‌महिने रानावनात, शिड्यांवर उभे राहून काम करणाऱ्या या कलावतींची नावे फ्रोबेनियस यांच्या नावापुढे कायम फिकी पडली. आपल्या नगरीला कलापूर म्हणतात आणि आबालाल रहिमान व बाबूराव पेंटर यांची नावे इथे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. तेव्हा प्रतिकृती करणे ही दुय्यम कला नव्हे, तिला डोळा आणि संयम दोन्ही लागतात, हे कोल्हापूरकरांना पटवून देण्याची गरज नाही. १९३७ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले, आणि नवचित्रकलेच्या शेजारी ही हजारो वर्षांपूर्वीची चित्रे पाहून तिथले रसिक चकित झाले. फ्रँकफर्टच्या संस्थेत अशा हजारो प्रतिकृती जपलेल्या आहेत. काही ठिकाणी मूळ चित्रे ऊन, पाणी आणि माणसांच्या उपद्रवाने पुसट झाली आहेत, तिथे या प्रतिकृती हाच पुरावा आहे. घाटाखाली उतरल्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर जी कातळशिल्पे आहेत, ज्यांतील बारसू, उक्षी, कशेळी, कुडोपी अशी काही २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांच्या नोंदणीचे काम करणाऱ्या आपल्या तरुण अभ्यासकांनी ही पद्धत एकदा बारकाईने पाहावी. ड्रोनने काढलेले छायाचित्र रेषेची खोली आणि छिन्नीचा घाव हाताइतका दाखवत नाही.

आफ्रिकी आणि आफ्रिकी वंशाच्या लेखकांनीच या माणसाचा हिशोब दोन तऱ्हांनी मांडला आहे. १९३६ मध्ये त्यांच्या संस्कृतीइतिहासाचे फ्रेंच भाषांतर आले, तेव्हा पॅरिसमध्ये शिकणाऱ्या लेओपोल्ड सेंगोर आणि एमे सेझेर या दोघा तरुणांनी ते झपाटून वाचले. आपल्या पूर्वजांविषयी अभिमानाने लिहिणारा एक युरोपीय पंडित त्यांना प्रथमच भेटला होता. सेंगोर पुढे १९६० ते १९८० या काळात सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष होते आणि फ्रोबेनियस यांचे ऋण त्यांनी शेवटपर्यंत मानले. कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावर एमे सेझेर यांच्या पत्नी सुझान सेझेर यांनी १९४१ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला. दुसरीकडे, योरुबा असलेले वोले सोयिंका १९८६ मध्ये नोबेल पुरस्कार स्वीकारताना बोलले तेव्हा त्यांनी फ्रोबेनियस यांचे इफेतील शब्द मुद्दाम वाचून दाखवले. एवढ्या सौंदर्याचे रखवालदार हे असले ऱ्हास पावलेले, मंदबुद्धीचे वंशज असावेत या विचाराने मन खिन्न झाले, असा त्या शब्दांचा आशय आहे. इफेच्या कारागिरांचा वंशज स्टॉकहोमच्या व्यासपीठावरून ते शब्द वाचत होता. ज्या लेखात सेंगोर येतात त्यात सोयिंकाही यायला हवेत. एकाला घेऊन दुसऱ्याला वगळले की वाचकाची दिशाभूल होते, आणि आपल्या लेखात नेमके तेच झाले आहे.

माझ्या दोन सूचना आहेत. फ्रोबेनियस यांच्या कथासंग्रहातील निवडक कथा मराठीत याव्यात, आणि त्या इंग्रजीवरून न घेता थेट जर्मनवरून भाषांतरित व्हाव्यात. महाराष्ट्रात जर्मन जाणणारे भाषांतरकार पुरेसे आहेत आणि आपल्या पुरवणीने महिन्याला एक कथा छापली तरी दोन-तीन वर्षांत चांगला संग्रह उभा राहील. प्रत्येक कथेबरोबर ती कोणत्या लोकांची, कोणत्या प्रदेशातून आणि कोणत्या मोहिमेत घेतलेली, ही माहिती द्यावी. जिथे त्याच समाजातील अभ्यासकांनी नंतर मूळ भाषेत नोंदवलेला पाठ उपलब्ध असेल तिथे तोही शेजारी छापावा, म्हणजे जर्मन लेखणीने कुठे काय वळवले हे वाचकाला स्वतः पाहता येईल. सुरुवात काबिल कथांपासून करणे सोयीचे जाईल, कारण त्यांत दाणे दळणाऱ्या बायका आणि वारुळातून निघणाऱ्या मुंग्या आहेत, त्या आपल्या वाचकाला परक्या वाटणार नाहीत. दुसरी सूचना अशी की इफेच्या मस्तकाचे आणि ब्रह्मपुरीच्या पोसायडनचे छायाचित्र आपण एकाच पानावर शेजारीशेजारी छापावे. त्याखाली दोन्ही वस्तूंविषयी कोणी काय म्हटले आणि आज काय मानले जाते, एवढीच माहिती असावी. मजकूर हवा असल्यास तो मी विनामूल्य लिहून देईन.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर